दावलबुवांचा कापलेला जागर

“…पण आक्का, ते शेवटपर्यंत वाजतं का?”

मन्मथअप्पांनी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. मठाच्या उंबऱ्यात उभं राहूनच विचारत होते.

सुंद्राआक्का चिंचा फोडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, “काय वाजतं?”

“मी तुम्हाला पेनड्राईव्हमध्ये भरून दिलं होतं ते. दावलबुवांचा जागर. शेवटपर्यंत वाजतो का?”

“शेवट मंजी कुठला शेवट, अप्पा?”

अप्पा उंबऱ्यातच घुटमळले.

“चपला काढ. आत ये. पाणी पी. मग विचार.”

आता हे अप्पा कोण ते सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, पखवाजवाल्याला अर्धवट सांगायची खोड आहे. अप्पा वीजखात्यातून निवृत्त झालेले. पण खरा जीव गाण्यांत. भजनी, गोंधळी, भारूडवाले, जात्यावरच्या बायका… जिथं आवाज तिथं अप्पा टेपरेकॉर्डर घेऊन हजर. पुढं त्यांनी ते सगळं कॉम्प्युटरात घातलं आणि बुरशी लागलेल्या कॅसेटी फेकून दिल्या. अख्ख्या जिल्ह्याचा गळा मन्मथअप्पांच्या घरात आहे, असं लोक म्हणायचे. अप्पा ते ऐकून फुगायचे. फुगायचेच, खोटं कशाला बोलू!

आणि आक्का आमच्या मठाच्या थोर. दावलबुवांच्या शिष्या. बुवा गेले तसा मठ त्यांच्याकडं आला. आक्का बोलतात थोडं, पण ते माणसाला घरी गेल्यावर लागतं. मी त्यांच्या मागं पखवाज वाजवतो आणि पुढं बसून बोलणी खातो.

तर अप्पा पाणी प्याले. तांब्या खाली ठेवला.

“आक्का, सगळं गेलं.”

“कोण गेलं रे?”

“गाणी. एकूण एक गाणी.”

आक्कांच्या मागं म्हणणाऱ्या शेवंतामावशी आणि कौसामावशी बाजूला चिंचोके काढत होत्या. त्यांचेही हात थांबले.

“नीट सांग,” आक्का म्हणाल्या.

“दोन डिस्क होत्या. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. दोन्हींत तेच. मग म्हटलं, आपण म्हातारे होतोय, तिसरी पण असू द्यावी. नवीन मोठी डिस्क आणली. तिन्ही एकदम जोडल्या आणि कॉम्प्युटरला सांगितलं, तिन्ही एकसारख्या कर…”

“मग? केल्या न्हाई?”

“केल्या ना! पण मी सांगितलं उलटं. जुनीसारखी नवी कर, म्हणायचं होतं. मी सांगितलं, नवीसारखी जुनी कर.”

“आन् नवी?”

“नवी रिकामी होती, आक्का.”



मग आक्का हसायला लागल्या. खांदे हलवून, पदर तोंडाला लावून हसल्या. “अगाई गं! भरल्या घागरीला रिकाम्या घागरीचा चेला केलास की रे, अप्पा!”

अप्पांनी रिकामा तांब्या परत तोंडाला लावला.

“आन् त्या यंत्रानं ऐकलं?”

“तंतोतंत ऐकलं.”

“बघ बाई. असा शिष्य मला जन्मात गावला न्हाई.” असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पखवाजाची शाई बघत बसलो.

“दुरुस्तीवाले असतात म्हणं,” शेवंतामावशी म्हणाल्या.

“एकाला दाखवलं. त्यानं हात वर केले. मी डिस्कला कुलूप घातलं होतं ना, पासवर्डचं. कुलपातलं पुसलं गेलं की परत हाती लागत नाही, म्हणाला.”

“कुलूप कुणासाठी घातलं होतंस?” आक्कांनी विचारलं.

“चोरासाठी.”

“चोर आला?”

“…नाही.”

आणि एवढं बोलून तो माणूस रडायला लागला. पांढऱ्या मिशांचा, इस्त्रीच्या सदऱ्यातला माणूस, लहान लेकरासारखा रडला. एरवी मला त्यांच्या रुबाबाचा रागच यायचा. पण त्या घडीला तो राग कुठल्या कुठं गेला. ज्यांचे आवाज होते त्यातले किती जण मातीत गेलेले. त्यांना आता पुन्हा कुठून गायला लावणार?

आक्कांनी त्यांना रडू दिलं.

मग म्हणाल्या, “दिगू, लाव रे बुवाला.”

मी कोनाड्यातला स्पीकर काढला, पेनड्राईव्ह खोचला. दर गुरुवारी लावतोच आम्ही. दावलबुवांचा तो शेवटचा जागर. ह्याच मठात, ह्याच चौथऱ्यावर झालेला. अप्पांनीच टेप केलेला. त्यानंतर बुवा फार दिवस जगले नाहीत.

शेवटाकडं नेऊन लावला. बुवांचा आवाज… काय सांगू! बसलेला, खरखरीत, पण वर चढला की अंगावर काटा यायचा. चढत गेला, चढत गेला, आणि मधेच टक्‌कन थांबला. शब्दसुद्धा पुरा नाही.

तसा चिंचेवरची नजर न काढता दोघी मावश्यांनी पुढचा शब्द उचलला. राहिलेल्या ओळी म्हणून टाकल्या, जागर पुरा केला आणि चिंचोके काढायला लागल्या.

“हे… हे काय?” अप्पा म्हणाले.

“तुझं थांबतं तिथनं आमचं सुरू हुतं. नेहमीचंच हाय.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“काय माहीत होतं?”

अप्पांनी स्पीकरकडं बघितलं.

“अप्पा, एक विचारू? हे बिघडलंय का कापलंय?”

अप्पांनी धोतराचं टोक चुरगाळलं, सोडलं, परत चुरगाळलं.

“…कापलंय.”

“कोणी?”

“मीच. तसं करतात, आक्का. आम्हा गाणी जमवणाऱ्यांत पद्धतच आहे. दुसऱ्याला प्रत देताना थोडी खोट ठेवून द्यायची. अख्खी प्रत आपल्याकडंच. नाहीतर आपल्याला कोण विचारतो?”

“माझं शेपूट कापलंस. आन् तुमच्यातल्या उदगीरच्या निटुरे मास्तराचं?”

“डोकं.”

“औशाच्या तांबोळ्याचं?”

“पोट.”

“अगं बाई, बुवाचे तुकडे करून वाटलास की!”

कौसामावशी फिसकन हसल्या. अप्पांचे कान लाल झाले.

“बाकीची गाणी?”

“जी जी कुणाला दिली ती सगळी अशीच. प्रत्येकाची वेगळ्या ठिकाणी कापून.”

“येगळ्या कशापायी? एका जागी कापलं तर हाताला सोपं न्हाई का?”

“मग चोर कसा कळणार? उद्या माझं गाणं कुणाच्या मोबाईलवर वाजलं, तर कुठं कापलंय ते ऐकायचं. लगेच कळतं, कुणाकडून बाहेर गेलं.”

“आन् कुणाचं कुठं कापलं, ध्यानात हाय?”

“सगळं पाठ आहे.”

“शाबास. देवाचं नाव न्हाई पाठ, कापाकापी पाठ.”

मग आक्का गप्प बसल्या. हातातली चिंच हातातच. एवढा वेळ गप्प की मला वाटलं, डोळा लागला. आक्का अशा गप्प बसल्या की मी अंग चोरून घेतो, कारण पुढचा फटका बहुतेक मलाच असतो.

तसंच झालं.

“दिगू, इकडं सरक. शेवंता, कौसा, तुम्हीबी. वेलीचं गाणं म्हणायचं. चार ओळी. शेवंता, तू पहिली ओळ म्हणायची न्हाई. कौसा, तू दुसरी सोड. दिगू, तिसरीला तोंड बंद. चौथी मी सोडते. पण म्हणायचं सगळ्यांनी मिळून. अप्पा, तू नुसतं ऐक.”

आम्ही म्हटलं.

*कुणी लावली वेल गं, कुणी घातलं पाणी*
*कुणाच्या दारी फूल आलं, कोण त्याचा धनी*
*तोडलं त्याचं न्हाई गं, हुंगलं त्याचं न्हाई*
*वास गेला गावभर, त्याला कुंपण न्हाई*

सवयीचं गाणं. तिसऱ्या ओळीला जीभ आवरताना माझा जीव मेटाकुटीला आला. पण आवरली.

“काय ऐकलंस?” आक्कांनी विचारलं.

“गाणं.”

“कुठं तुटलं?”

अप्पा सांगायला गेले आणि थांबले. एकदा शेवंतामावशीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. ओठ हलत होते… मास्तरांचं डोकं, तांबोळ्याचं पोट, आक्कांचं शेपूट…

“आक्का!” ते अर्धे उठलेच. “आक्का, अख्खं आहे! एकाकडंही अख्खं नाही, पण सगळं आहे! मास्तरांकडचं शेपूट घ्यायचं, तुमच्याकडचं डोकं घ्यायचं…”

“बस, बस. चिंचा सांडतील.”

“बाकीची पण तशीच! जी वाटली ती सगळी जोडता येतील!” माणसाच्या तोंडावर असा उजेड मी लग्नातल्या नवरदेवाच्यासुद्धा बघितला नाही.

आणि तसाच तो विझला. अप्पा हळूच खाली बसले.

“आता काय झालं?”

“त्यासाठी सगळ्यांच्या प्रती एकत्र याव्या लागतील.”

“येऊ दे की.”

“एकत्र आल्या की कळेल, आक्का. प्रत्येकाला वेगळं फसवलंय ते. मास्तरांशी तर माझं बोलणंच नाही. भर सभेत मी त्यांना चोर म्हटलंय.”

आक्का चिंच फोडायला लागल्या.

अप्पा पुढं सरकले, आवाज खाली आणला. “एक करता येईल. एकेकाकडं जायचं. म्हणायचं, तुमची प्रत जरा तपासायची आहे, आवाज साफ करून देतो. गुपचूप उतरवून घ्यायची. म्हणजे कुणालाच काही…”

“डोकं चालतंय तुझं.” आक्कांनी हात लांब करून स्पीकरचा पेनड्राईव्ह उपटला आणि मुठीत धरला. “चल. माझ्यापासनं सुरू कर. माग.”

“आक्का, जरा ती प्रत तपासायला…”

मूठ उघडली नाही.

“आवाज साफ करून…”

उघडली नाही.

अप्पा घामानं भिजले. मावश्यांनी माना खाली घातल्या. आवाज होता तो फक्त टरफलांचा. आक्का एका हातानं चिंच फोडत होत्या. दुसरी मूठ मांडीवर, बंद.

ऊन पायरीवरून अंगणात उतरलं, तरी अप्पा तसेच बसलेले. मी म्हटलं, गेला हा माणूस, आता उठणार आणि चपला घालणार.

“आक्का,” ते म्हणाले. “मी तुमचं भजन कापलं.”

“व्हय.”

“तुमच्या गुरूचा आवाज होता. तुम्ही मला जेवू घालून पाठवलं होतं त्या दिवशी. आणि मी घरी जाऊन कापलं.”

“कशापायी?”

“…तुमच्यावर भरवसा नव्हता.”

मूठ उघडली.

“घे. आता मास्तराला फोन लाव. हितंच. माझ्यासमोर.”

अप्पांना नंबर शोधायलाही वेळ लागला. आक्कांनी खूण केली तसा मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

“कोण?” पलीकडून निटुरे मास्तर.

“मी मन्मथ.”

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“बोला.”

आणि अप्पा बोलले. डिस्क, कुलूप, रिकाम्यासारखी भरलेली, सगळं. मग म्हणाले, “मास्तर, तुम्हाला दिलेल्या प्रत्येक गाण्याचं मी डोकं कापत होतो.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“पहिल्या गाण्यापासून. भजन काय ‘रे’ पासून सुरू होतं का?”

“मग बोलला का नाहीत?”

मास्तर खाकरले. “कसा बोलणार? मी तुम्हाला जी गाणी देत होतो त्यांची शेपटं कापत होतो.”

आक्का इतक्या हसल्या की ठसका लागला. कौसामावशी पाठीवरून हात फिरवत बसल्या आणि स्वतःच हसत होत्या. अप्पासुद्धा हसले, डोळ्यात पाणी होतं तरी.

“माझ्याकडची माझी अख्खी आहेत,” मास्तर फोनवर म्हणाले. “आणि तुमची बिनडोक्याची. सगळी घेऊन येतो. कुठं येऊ?”

पुढच्या गुरुवारी मठात सगळे जमले. मास्तर कॉम्प्युटर घेऊन, तांबोळी जुन्या सीड्यांची चळत घेऊन, कुणी मोबाईल, कुणी पेनड्राईव्ह. अप्पांनी दारात उभं राहून प्रत्येकाला तेच सांगितलं, मी तुमचं कापलं. एकदा बोलता येतं हो, पण दारात उभं राहून पुन्हा पुन्हा बोलायला छाती लागते. त्या दिवसापासून मी अप्पांच्या फुगण्याबद्दल काही बोलत नाही.

सगळ्यांनी गोड मानून घेतलं असं नाही. तांबोळी भडकला. “मी तुमच्यासाठी नळदुर्गच्या जत्रेत पावसात उभा राहून गाणी आणली, आणि तुम्ही मला बिनपोटाचा माल दिलात?” सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलला. अप्पा हात जोडून ऐकत राहिले. बोलून दमला तेव्हा तांबोळीच म्हणाला, “आता बघता काय? पोट जोडा!”

मास्तर जोडत बसले, अप्पा सांगत होते कुणाचं कुठून घ्यायचं. पाठ असलेली ती सगळी कापाकापी एकदाची कामाला आली. ह्याचं टोक त्याला, त्याचं बूड ह्याला. तांबोळी मान वेळावून सांधा बरोबर बसला का ते ऐकायचा.

दुपार कलता कलता बुवांचा जागर लावला.

डोक्यापासून. अख्खा.

सांध्याच्या जागी बारीक हिसका बसायचा, पण आवाज बुवांचाच. चढत गेला, चढत गेला. जिथं दर वेळी थांबायचा तिथं शेवंतामावशी आणि कौसामावशीनं सवयीनं तोंड उघडलं… आणि बुवाच पुढं गेले. दोघींनी तोंड मिटलं. पार शेवटची ओळ, त्यामागं बुवांचा खोकला, आणि कुणालातरी म्हटलेलं “पाणी दे गं”.

ते “गं” म्हणजे आक्काच. तेव्हा पाणी त्यांनीच दिलं होतं.

आक्कांनी पदर डोळ्याला लावला. इतकी वर्षं त्यांच्या पायाशी बसलो, मी ते पहिल्यांदा बघितलं. मला काही सुधरेना, म्हणून मीच उठून त्यांना पाणी दिलं.

त्या दिवशी आणि पुढच्या काही दिवसांत बरीच गाणी जुळली. सगळी नाही. जी अप्पांनी कुणालाच दिली नव्हती, फार मोलाची म्हणून तळाशी जपून ठेवली होती, ती गेली ती गेलीच. अप्पा त्यांची नावं घेत बसायचे. पण जे आलं तेही पोतंभर होतं. लोकांनी एकमेकांना चहा पाजला, एकमेकांची गाणी ऐकली, भांडले, परत ऐकलं.

शेवटच्या दिवशी मंडळी अंगणात चपला शोधत होती. अप्पा मागं रेंगाळले. हातात ती नवी डिस्क. आता भरलेली. फडक्यात गुंडाळून पोटाशी धरली होती.

आक्कांच्या जवळ बसले. बाहेर मास्तर आणि तांबोळी बोलत होते, तिकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

“आक्का, एवढं सगळं जुळलंय. आता मात्र परत चूक नको. बँकेचं लॉकर आहे, पण तिथं दमट असतं. घरात ठेवावी तर मागचा अनुभव आहे. पोरगा पुण्याला आहे, पण त्याला पर्वा नाही. तुम्हीच सांगा… हे ठेवायला सगळ्यात भरवशाची जागा कुठली?”

आक्कांनीही बाहेर बघितलं.

“ज्याच्यावर तुझा सगळ्यात कमी भरवसा हाय ना अप्पा, त्याचं घर.”